रेसिपी म्हणजे 'घे'

१२ जानेवारी, रविवार

'रेसिपी' हा शब्द मूळचा स्वयंपाकघरातला नाही, दवाखान्यातला आहे. गेले काही दिवस त्याच्या मागे लागले आहे, आणि जसजसं वाचते तसतसा तो अधिकच आवडत चाललाय. आज सगळं एकदा लिहून ठेवते.

लॅटिनमध्ये 'रेकिपेरे' म्हणजे घेणे, स्वीकारणे. त्याचं एकवचनी आज्ञार्थी रूप 'रेकिपे', म्हणजे 'घे'. मध्ययुगातले युरोपातले वैद्य औषधाची चिठ्ठी लिहायचे तेव्हा सगळ्यात वर हा शब्द असायचा. घे, अमुक इतकं हे, तमुक इतकं ते. ही आज्ञा रोग्याला नसायची, औषध तयार करणाऱ्याला असायची. रोग्याने काय करायचं ते शेवटी, 'सिग्ना' या शब्दाच्या पुढे. 'सिग्ना' म्हणजे 'लिही' किंवा 'खूण कर'. म्हणजे बाटलीवर एवढं लिहून दे. एका लहानशा चिठ्ठीत तिघे जण असायचे: सांगणारा, करणारा आणि घेणारा.

पुढे तो अख्खा शब्द लिहायचा कंटाळा आला असेल. नुसता 'आर' राहिला आणि त्याच्या पायावर एक तिरकी रेघ आली. आज आपण ज्याला 'आरएक्स' म्हणतो त्यातला 'एक्स' हा एक्स नाहीच, ती संक्षेपाची रेघ आहे. त्या काळचे लेखनिक लांब शब्द तोडले की अशी आडवी-तिरकी रेघ मारत. या खुणेबद्दल इतर गोष्टीही सांगतात, कुणी म्हणतं गुरू ग्रहाचं चिन्ह, कुणी म्हणतं इजिप्तच्या होरस देवाचा डोळा. मला त्या पटत नाहीत. 'घे' इतका साधासरळ अर्थ समोर असताना आकाशातले ग्रह कशाला उतरवायचे? आपल्याकडे तर ही खूण घराघरात आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकायची नाहीत अशी जी शेड्यूल एचमधली औषधं असतात, त्यांच्या वेष्टनावर डाव्या बाजूला वर ती छापलेली असावीच लागते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर आहे. म्हणजे रोज सकाळी गोळी काढताना तो शब्द मला 'घे' म्हणतो आणि मी घेते.

हे सगळं मला इतकं जवळचं का वाटतं, तर माझे वडील, अण्णा, कंपाउंडर होते. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे त्यांची सारी नोकरी झाली. तेव्हा सगळीच औषधं तयार मिळत नसत. मिक्श्चर दवाखान्यातच बनायचं. डॉक्टर आतून चिठ्ठी पाठवायचे आणि अण्णा काचेच्या मेजर ग्लासात औन्स मोजून एकेक द्रव बाटलीत घालायचे. त्यांना लॅटिन येत नव्हतं, पण चिठ्ठीतलं लॅटिन येत होतं. 'एम' म्हणजे 'मिस्के', मिसळ. 'एफटी' म्हणजे 'फियात', होवो. 'फियात मिस्तुरा', म्हणजे यातून मिश्रण होवो! एखाद्या आशीर्वादासारखं वाक्य, आणि ते खोकल्याच्या औषधावर.

डोसाची पट्टी मात्र मला कधीच विसरता येणार नाही. पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी अण्णा मधून दुमडायचे, कात्रीने कडेला तिरके काप घ्यायचे आणि उलगडायचे. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खाचा पडलेल्या असायच्या. मग बाभळीच्या डिंकाचं बोट फिरवून ती पट्टी बाटलीवर उभी चिकटवायची. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. निरक्षर माणसालाही कळायचं की सकाळी इथपर्यंत, संध्याकाळी तिथपर्यंत. आम्हा भावंडांना पट्ट्या कापायला मिळाल्या तर ती चैन वाटायची. आज वाचताना कळलं की 'डोस' हा शब्द ग्रीक 'दोसिस'वरून आला आणि त्याचा अर्थ 'देणे'. आपल्या 'दान'शी त्याचं धातूपासूनचं नातं आहे. चिठ्ठीच्या डोक्यावर 'घे' आणि बाटलीच्या अंगावर 'देणे'. अण्णांना हे सांगता आलं असतं तर किती खूश झाले असते.

इंग्रजीत हा शब्द आधी वैद्यांचाच होता. सोळाव्या शतकात 'रेसिपी' म्हटलं की औषधाचा पाठ, म्हणजे ते बनवायची कृती, असाच अर्थ व्हायचा. स्वयंपाकाची कृती हा अर्थ रुळला तो अठराव्या शतकात. तोवर इंग्रज बायका पदार्थाच्या कृतीला काय म्हणायच्या? 'रिसीट'! पैसे भरल्यावर दुकानात मिळते तीच रिसीट. एकाच लॅटिन धातूची ही दोन लेकरं. एक आज्ञार्थी, 'घे'. दुसरं भूतकाळी, 'घेतलेलं, मिळालेलं'. पाठ ज्याला सांगितला त्याला तो मिळाला, म्हणून ती रिसीट. पुढे रिसीट पैशांकडे गेली आणि कृतीसाठी रेसिपी राहिली, तरी एकोणिसाव्या शतकात शिरल्यावरही इंग्रजी पाकपुस्तकांत 'रिसीट' भेटतच राहते.

इथे मला आपला 'पावती' हा शब्द आठवला आणि मी खुर्चीतून उठलेच. पावती कशावरून? पावणे. 'आपले पत्र पावले', 'मनीऑर्डर पावली'. पावलं, म्हणजे मिळालं, पोचलं. इंग्रजीने जे 'घेतलेलं' या अर्थावरून केलं, तेच मराठीने 'पावलेलं' या अर्थावरून केलं, आणि कुणी कुणाचं पाहून केलं नाही. देव पावतो आणि रक्कम पावते, दोन्ही एकाच क्रियापदाने. पाककृतीला मात्र आपण कधी पावती म्हटलं नाही. म्हटलं असतं तर वावगं झालं नसतं.

मग कृतीला आपल्याकडे काय म्हणायचे? छापील पुस्तकात 'कृती', 'पाककृती', 'पाकक्रिया'. पण आई, आत्या, शेजारच्या वहिनी यांच्या तोंडी यातला एकही शब्द मी ऐकलेला नाही. त्या विचारायच्या, "अनारशाचं प्रमाण सांगा हो." प्रमाण! बाकी सगळं हाताला ठाऊकच असायचं: तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत कोरडे करायचे, गुळात मळायचे. अडायचं ते फक्त किती तांदळाला किती गूळ एवढ्यावर. अण्णांच्या चिठ्ठीतही तेच होतं. काय करायचं हे कंपाउंडरला माहीत असे. डॉक्टर सांगायचे ते प्रमाण.

ही शोधाशोध सुरू झाली ती भाचीमुळे. ती जर्मनीत असते. दिवाळीनंतर तिला मुलगी झाली. तिकडे थंडी कडाक्याची, म्हणून डिंकाचे आणि अळिवाचे लाडू कसे करायचे हे विचारायला फोन केला होता. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, इथे गंमत आहे. डॉक्टर औषध लिहून देतात त्याला पण रेझेप्ट म्हणतात आणि केकच्या कृतीला पण रेझेप्टच." मग पाहिलं तर हे फक्त जर्मनीत नाही. स्पॅनिशमध्ये 'रेसेता', इटालियनमध्ये 'रिचेत्ता', दोन्ही शब्द दोन्ही अर्थांनी चालतात. पोर्तुगीज 'रेसेइता' तर औषधाची चिठ्ठी, पदार्थाची कृती आणि मिळकत या तिन्हींना. म्हणजे बऱ्याच युरोपने दवाखाना आणि स्वयंपाकघर एकाच शब्दात ठेवलं. इंग्रजीने मात्र 'प्रिस्क्रिप्शन' असा वेगळा शब्द काढून दोघांची वाटणी केली. आपण इंग्रजीकडून घेतलं ते वाटणी झाल्यानंतर.

पण लाडवांचंच बघा. बाळंतिणीच्या खाण्याला खाणं म्हणायचं की औषध? डिंक, अळीव, शतावरी, खसखस, जायफळ, बाळंतशेपा, ओवा. आमच्या घरी बाळंतिणीला लाडू वाढत नसत, देत. सकाळी एक, तोही भुकेपेक्षा नेमाने. आई लाडू करायची तेव्हा मी शेजारी बसायचे ते एका गोष्टीसाठी, डिंक फुलताना बघायला. कढईत तूप नीट तापलं की त्यात डिंकाचे थोडेसेच खडे टाकायचे. काचेच्या मण्यांसारखे दिसणारे ते पिवळट खडे क्षणभर तळाशी पडून राहतात, मग तडतड करत उमलतात, पांढरे होतात आणि वर येतात. एकदम खूप टाकले तर बाहेरून फुलतात आणि आत कच्चे राहतात. मग लाडू खाताना दाताला चिकटतात. म्हणून थोडे थोडे. फुललेला डिंक वाटीच्या बुडाने चुरून बघायची: चुरा झाला तर झाला, मध्ये कडक खडा लागला तर परत कढईत.

आणि हाच डिंक अण्णांच्या टेबलावरही होता. नुसता पट्ट्या चिकटवायला नव्हे. जे चूर्ण पाण्यात विरघळत नाही ते तळाशी बसू नये म्हणून मिक्श्चरमध्ये डिंकाचं पाणी घालत. तेल आणि पाणी एकजीव करायलाही डिंकच. म्हणजे एकाच वस्तूवर आमच्या घरातली दोन माणसं दोन ठिकाणी काम करत होती. अण्णा औन्सात, आई वाटीत.

हे आपल्या इतिहासातही दिसतं. तंजावरच्या मराठी राज्यात सरफोजी महाराज दुसरे होऊन गेले, १८३२ साली वारले. त्यांनी धन्वंतरी महाल नावाची औषधांची संस्था चालवली. तिथले अनुभवसिद्ध पाठ तमिळमध्ये लिहून घेतले गेले आणि ते 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने पुढे छापले गेले. आणि त्याच महाराजांच्या नावाने दरबारच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांचा मराठी ग्रंथ आहे, 'शरभेंद्र पाकशास्त्र'. एकाच राजाच्या नावाने एक पोथी वैद्याची, एक आचाऱ्याची. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने हे धन सांभाळलं. एकदा तिथे जाऊन यायची फार इच्छा आहे.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त आनंद झाला ती लिहिते.

इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमाराला कृतींची एक गुंडाळी लिहवून घेतली. इंग्रजीतल्या अगदी जुन्या पाककृती त्या. त्यातल्या कितीतरी कृतींचा पहिला शब्द 'टेक'. घे. त्याच काळातल्या पॅरिसमधल्या गृहिणीसाठी लिहिलेल्या पुस्तकात 'प्रने', घ्या. त्याहून थोड्या जुन्या जर्मन पोथीत 'निम', घे. वैद्यांच्या 'रेकिपे'चीच ही ज्याच्या त्याच्या भाषेतली रूपं. आजच्या इंग्रजी कृतीतून हा 'घे' जवळजवळ गेला. आता वर यादी असते आणि खाली थेट 'चिरा, परता, शिजवा'.

मराठीत मात्र तो अजून गेलेला नाही, उलट प्रत्येक ओळीत आहे. कांदा चिरून घ्या. खोबरं भाजून घ्या. मसाला वाटून घ्या. डाळ धुऊन घ्या. दाणे सोलून घ्या. यातल्या 'घ्या'ला तसा हातात घेण्याचा अर्थ उरलेला नाही. चिरा म्हटलं तरी कांदा चिरला जाईलच. पण 'चिरून घ्या' म्हटलं की त्यात पुढचं येतं: हे आधी उरकून ठेवा, तुमच्याच सोयीचं आहे, पुढे लागणार आहे. सांगणारी बाई करणारीच्या शेजारी उभी असल्यासारखी वाटते. स्वयंपाकाच्या मराठीतून हा 'घ्या' काढून टाकला तर कृती हुकमांची यादी होईल.

या 'घे'ची रूपंही माझ्या डोळ्यांदेखत बदलली. आईच्या वहीत आणि तेव्हाच्या मासिकांत 'घ्यावे, घालावे, ढवळावे, उतरवावे'. कुणालाच थेट उद्देशून नाही. शास्त्र सांगावं तसं. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'पचेत्', 'पिबेत्' असतं, शिजवावे, प्यावे, त्याच वळणाचं. मग वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'घ्या, घाला, ढवळा' आलं. आणि आता मोबाइलवरच्या मुली म्हणतात, "आता आपण दोन चमचे तेल घेऊया." कुणी म्हणतं, "इथे मी एक वाटी रवा घेतलेला आहे." घ्यावे, घ्या, घेऊया, घेतलेला आहे. मला स्वतःला 'घ्यावे' सगळ्यात प्रिय, पण 'घेऊया'ही गोड आहे. एकटीने ओट्याशी उभ्या असलेल्या मुलीला 'आपण' म्हणणारं कुणीतरी भेटतं, ही लहान गोष्ट नाही.

प्रमाणांचंही असंच. अण्णांच्या चिठ्ठ्यांमध्ये 'क्यू. एस.' अशी दोन अक्षरं असायची. क्वांटुम सुफिसित, म्हणजे पुरेल तेवढं. बाकी सगळं काटेकोर मोजायचं आणि पाणी मात्र बाटली भरेल इतकं. आईच्या वहीत त्या जागी 'चवीपुरते मीठ', 'मावेल इतके पीठ', 'बेताचे पाणी'. पुष्कळ लोक म्हणतात की आपल्या बायकांनी मापं दिली नाहीत म्हणून आपली पाककला लिहिली गेली नाही. मला हे मान्य नाही. जिथे मोजायला हवं तिथे त्या तोळा-मासा मोजत होत्या. चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारून बघा. जिथे पीठ जुनं की नवं, हवा दमट की कोरडी यावर पाणी ठरतं, तिथे त्यांनी 'मावेल तेवढं' लिहिलं. औषधशास्त्रानेही तेच केलं होतं. उद्या भोगी आहे. भोगीच्या भाजीला कुणी प्रमाण देतं का? वांगी, गाजर, हरभरे, पावटा, वालपापडी, बोरं, ऊस, जे त्या आठवड्यात बाजारात असेल ते, आणि वर तिळाचं कूट. तिथे मापाचं काम नाही, ऋतूचं आहे.

मापांचा रीतसर पद्धतशीरपणा इंग्रजीतही उशिराच आला. १८४५ मध्ये एलिझा ॲक्टन यांनी आपल्या पाकपुस्तकात प्रत्येक कृतीच्या शेवटी जिन्नस आणि त्यांची मापं वेगळी काढून दिली. १८६१ मध्ये इझाबेला बीटन यांनी तीच यादी उचलून वर आणली. बीटनबाई तेव्हा पंचविशीत होत्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या. आज आपण 'साहित्य' आणि खाली 'कृती' असं लिहितो तो साचा त्यांच्या पुस्तकात दिसतो. सोयीचा आहे, वादच नाही. सामान आणायला यादी लागतेच. पण यादी वर गेली तसा इंग्रजी कृतीच्या सुरुवातीचा 'घे' निघाला, आणि त्याबरोबर सांगणाऱ्याचा आवाजही थोडा लांब गेला असं मला वाटतं.

लंडनच्या वेलकम संग्रहात सतराव्या शतकातल्या इंग्रज बायकांच्या हस्तलिखित वह्या आहेत. त्यांत केक आणि काढे शेजारी शेजारी असतात. कृतीच्या शेजारी ती कुणाकडून मिळाली त्या बाईंचं नाव असतं आणि कुठे कुठे 'प्रोबातुम एस्त' असा शेरा. म्हणजे करून पाहिलेलं आहे, सिद्ध आहे. आईच्या वहीत अगदी हेच आहे. 'नगरच्या मामींच्या करंज्या.' 'वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे लोणचे, वर्षभर टिकते.' 'थोरल्या आत्यांचे अळिवाचे लाडू, नारळ ओला घ्यावा, करून पाहिले, छान.' एका पानाच्या समासात अण्णांच्या अक्षरात खोकल्याचा काढा आहे. ज्येष्ठमध, अडुळसा, बेहडा, आणि शेजारी आठवणीने 'समभाग'. चिठ्ठीत ते 'आना' लिहायचे, प्रत्येकी सारखं. घरच्या वहीत मराठी.

भाचीसाठी मी आता त्या वहीतून उतरवून काढते आहे. फोटो काढून पाठवता आला असता, पण आईचं अक्षर बारीक आहे, शाई पुसट झाली आहे आणि तुपाच्या डागांखालचे शब्द आता फक्त मलाच लागतात. साहित्याची यादी मी वर करणार नाही. जसं आहे तसंच लिहिते: खारीक अर्धा शेर, बिया काढून, कुटून घ्यावी, सुके खोबरे किसून, भाजून घ्यावे, डिंक साजूक तुपात थोडा थोडा फुलवून घ्यावा. शेर तिला कळणार नाही म्हणून तेवढं ग्रॅममध्ये केलं आहे. 'थोडा थोडा'खाली मात्र दोन रेघा मारल्यात. आणि प्रत्येक कृतीपुढे ती कुणाची, ते नाव. आत्यांचं, मामींचं, आईचं. तिच्या मुलीने कधी विचारलं की हे कुणी सांगितलं, तर तिला उत्तर देता यायला हवं.